चौकट नसलेला तास

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. शशीच्या एका हातात पायऱ्यांचं स्टूल, दुसऱ्या हातात बॅटऱ्यांचा डबा. काम काही मोठं नव्हतं. लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोच्या त्या म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये खोल्याखोल्यांत मिळून एकवीस घड्याळं होती आणि ती सगळी एक तास मागे करायची होती. हिवाळ्याची वेळ लागते त्या रात्री हे काम नाइटवाल्यांच्या गळ्यात असतं. दिवसवाले कोट चढवून निघून जातात आणि जाताजाता म्हणतात, बरं झालं, आज एक तास जास्त झोप. ज्याच्या नशिबी गादी आहे त्याला ती मिळते. नाइटवाल्यांना तोच तास जागून काढावा लागतो, आणि या घरात तो कसा निघतो ते शशीला ठाऊक होतं.

शशी बावन्न वर्षांची. शाळा चौथीपर्यंत. सांगलीहून लग्न करून आली तेव्हा नवरा विमानतळावर बॅगा चढवायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. इंग्रजी तिला बोलता यायचं, लिहिताना मात्र हात अडायचा. चार्टवर खूण करायची आणि शेजारी एक एस काढायचा, एवढं पुरायचं. तिचा एस उलट्या शेपटीचा होता, तो लांबूनही ओळखू यायचा. तोंड फटकळ. मॅनेजरलासुद्धा ती सुनवायची. पण म्हाताऱ्यांना कुशीवर वळवावं तर शशीनेच, असं तिच्यावर रागावलेली माणसंही म्हणायची.

त्या रात्री नेमकं लक्ष्मीपूजन होतं. संध्याकाळी मुलीचा, अक्षराचा फोन आला. "आई, लक्ष्मीपूजनच्या रात्री तू घरी नाही? धिस इज सो नॉट फेअर. स्वॅप कर ना कोणाशी."

"स्वॅप करूनच घेतली आहे ही नाइट," शशी म्हणाली. "दिवे तू लाव. आणि दाराबाहेर लाव, फ्रिजवर नको."

का घेतली, ते तिने पोरीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

गेल्या वर्षी याच रात्री ती याच ड्युटीवर होती. बरोबर मॉरीन. मॉरीन आयर्लंडची, साठीच्या पुढची, गुडघ्यांनी हैराण, या घरात वीस वर्षं नाइट करणारी. खालच्या हॉलमध्ये एक पुरुषभर उंचीचं लाकडी घड्याळ होतं, जुन्या मालकांच्या वेळचं. टोले देणाऱ्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात, आतली दातेरी चाकं मोडतात. म्हणून दोनला एक मिनिट कमी असताना लंबक हाताने धरून थांबवायचा, बरोबर एक तास तसाच ठेवायचा आणि मग पुन्हा झोका द्यायचा. हे काम मॉरीनचं. आणि लंबक थांबला की मॉरीन म्हणायची, चल, चहा घेऊ, हा तास आपला नाही.

आपला नाही म्हणजे काय, ते शशीला चार्ट दाखवून सांगितलं होतं. प्रत्येक खोलीचा रात्रीचा एक कागद. त्यावर दर तासाला एक चौकोन. माणूस बघून यायचं, चौकोनात खूण करायची. पण छापलेल्या कागदावर एक वाजताचा चौकोन एकच. घड्याळं मागे गेली की एक पुन्हा वाजतो, आणि त्या दुसऱ्या एकाला कागदावर जागाच नाही. एका वर्षी कोणीतरी त्याच चौकोनात दोन खुणा केल्या, तर तपासणीवाल्यांनी विचारलं, हे मागाहून भरलंय का. मॅनेजर चिडली. तेव्हापासून वहिवाट पडली. पहिल्या एकला फेरी, मग दोनला फेरी. मधला तास कोणी वर जायचं नाही. चहाच्या खोलीत बसायचं.

गेल्या वर्षी त्या मधल्या तासात सात नंबरची बेल वाजली होती.

सात नंबरात विनी व्हिटलॉक होती. एक्याण्णव वर्षांची, कागदासारखी हलकी, लॅव्हेंडरच्या टाल्कमचा वास असलेली. शशी उठली होती. मॉरीनने तिचा हात धरला आणि म्हणाली, बस, ओल आली की बेलच्या तारा आपोआप चिकटतात. शशी बसली. बेल वाजत राहिली. चहा गार झाला. त्या खोलीत चहा नेहमीच लवकर गार व्हायचा, हीटर तापलेला असला तरी. पाऊण तासाने बेल थांबली, तेव्हा शशीला बरं वाटलं. बरं वाटलं, हे ती कधी विसरली नाही.

दोनच्या फेरीला ती सातमध्ये डोकावली. विनी पाठमोरी होती. झोपली आहे असं धरून शशीने चौकोनात खूण केली, एस काढला. तीनला तिला वळवायला गेली तेव्हा ती गार होती. बेलचं बटण मुठीत होतं. मूठ सोडवायला दोघी लागल्या.

डॉक्टरांनी हार्ट लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. चार्ट बघितला तर सगळं व्यवस्थित होतं, एकला ठीक, दोनला ठीक.

मग हळूहळू एकीकडून दुसरीकडून कानावर आलं की त्याच्या आदल्या वर्षीही याच रात्री तीन नंबरातले मिस्टर हॉब्ज गेले होते. त्यांच्याही चार्टवर सगळं ठीकच होतं. म्हणून या वर्षी शशीने ड्युटी मागून घेतली. कारण या वर्षी चौदा नंबरात मुरलीधर देव होते.

डॉक्टर देव. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत काढलेले, आता चौऱ्याऐंशीचे. छातीचा भाता झालेला, नाकाला ऑक्सिजनची नळी. मुलगा यशोधन केंब्रिजला. बापलेकाचं सात वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून, ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. या दसऱ्याला फोन आला आणि गाठ सुटली. पाडव्याला सकाळी यशोधन येणार होता, नात मायराला घेऊन, आणि बाबांना घरी नेणार होता. कायमचं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. शुक्रवारी जी.पी., म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, तपासून गेला आणि बाहेर येऊन हळूच म्हणाला, हार्ट फार वीक आहे, आज उद्या काहीही होईल. शशीने त्याला विचारलं, रविवारी सकाळी दहापर्यंत काढतील का. तो खांदे उडवून गेला.

"तुमचं काम झालं," शशी त्याच्या पाठीकडे बघून मराठीत म्हणाली होती. "आता माझं."

तर त्या रात्री घड्याळं मागे करत करत ती चौदा नंबरात आली, तेव्हा डॉक्टर उशांना टेकून बसले होते. स्टुलावर चढलेल्या शशीकडे बघून म्हणाले, "तुला माहीत आहे, हे खूळ कोणाचं?"

मग दम घेत घेत त्यांनी सांगितलं. एक बिल्डर होता. पहाटे घोड्यावरून फिरायला जायचा. उन्हाळ्यात ऊन वर आलेलं असायचं आणि घराघरांचे पडदे बंद. त्याला वाटलं, काय हा उजेड फुकट जातोय. त्याने पुस्तिका छापली, सगळ्यांनी त्याला हसण्यावारी नेलं, आणि तो बिचारा मरून गेला. पहिलं महायुद्ध चालू होतं, कोळसा वाचवायचा होता, तेव्हा सरकारला त्याची आठवण झाली. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे.

"पण मग रात्रीच का बदलायचं?" शशीने विचारलं. "दिवसा बदला की. सगळ्यांना दिसेल."

"रात्री त्या वेळेला कोणी जागं नसतं. गाड्या नसतात, कामं नसतात. कोणाचं काही अडत नाही."

शशी खाली उतरली. घड्याळाचा सेल दाबून बसवावा तसं एकेक अक्षर दाबून म्हणाली, "कोणी जागं नसतं. मग मी कोण? तुम्ही कोण?"

डॉक्टर हसले. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "शशी, मी खूप माणसं या वेळेला जाताना पाहिली. दीड, पावणेदोन. ओहोटी असते अंगात." जरा थांबून म्हणाले, "मला सकाळ हवी आहे गं. एकच."

"मिळेल," शशी म्हणाली. "मी इथेच बसणार आहे."

तिने खिशातून पेन्सिल काढली. मागची बाजू चावलेली, नेहमीची. डॉक्टरांचा चार्ट मांडीवर घेतला, पट्टी लावली, आणि एक वाजताच्या आणि दोन वाजताच्या चौकोनांमधली रेघ फोडून तिथे आणखी एक चौकोन काढला. वाकडाच आला. पण चौकोन तो चौकोन. डॉक्टर बघत होते. म्हणाले, तुझी मॅनेजर तुला फाडून खाईल. शशी म्हणाली, तिने चार घास खाऊनच बघावेत.

पहिला एक वाजला. फेरी झाली. बाकी सगळे झोपलेले. सात नंबर पंधरा दिवस रिकामी होती, रंगकाम चाललं होतं. कुलूप नव्हतं, पण दार बंद होतं. शशी त्या दारासमोरून गेली तेव्हा ओल्या रंगाचा वास आला, दुसरं काही नाही.

दोनला पाच मिनिटं कमी असताना मॉरीन जिन्याखाली आली आणि तिने हाक मारली. चहा टाकलाय म्हणाली. शशी कठड्याशी उभी राहून म्हणाली, मी येत नाही.

मॉरीन एक पायरी चढून थांबली. "शशी, लव्ह," ती हळू आवाजात म्हणाली, "मी वीस वर्षं आहे इथे. तो तास लोकांसाठी नाही. त्यात वर थांबू नकोस."

"लोक वरच आहेत, मॉरीन. एकोणीस."

मॉरीन वळली. हॉलमध्ये घड्याळाचं काचेचं दार करकरलं. टक. टक. टक… मग नाही.

ज्यांनी रात्रभर चालणारं घड्याळ थांबलेलं ऐकलं नाही, त्यांना ते सांगून कळायचं नाही. आवाज जातो, आणि त्याच्या जागी नुसती शांतता येत नाही. कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटतं. त्यात हाउन्सलो. दिवसभर डोक्यावरून विमानं, दर दोन मिनिटांनी खिडक्या थरथरतात. मध्यरात्री तीही थांबतात. शुक्रवारीच कॉनकॉर्ड, ते आवाजापेक्षा वेगवान विमान, शेवटचं उतरलं होतं, अख्खा गाव रस्त्यावर उभा राहून बघत होता. आता आकाशात काही नव्हतं. चंद्रही नव्हता. दिवाळीची अमावास्या होती.

शशी डॉक्टरांच्या खाटेला खुर्ची लावून बसली. ऑक्सिजनची बारीक सूं. डॉक्टरांचा श्वास, आत जाताना एक, बाहेर येताना दोन. ती मोजत राहिली.

पंधरा मिनिटं गेली असतील. श्वास लांबायला लागले. एक… आणि मग ती वाट बघायची. दोन… तिने त्यांच्या पायाला हात लावला. बर्फ. नखं निळी पडायला लागली होती. तिने पायांवर दुसरं ब्लँकेट टाकलं, तळवे चोळले, जोरात, खरवडून काढावेत तसे.

"अहो डॉक्टर. ऐकताय का. झोपायचं नाही."

"ओहोटी…" ते पुटपुटले. डोळे अर्धे मिटलेले.

"ओहोटीला मी बघून घेते. मायराला काय देणार उद्या, ते सांगा. पाडव्याची ओवाळणी काय?"

त्यांनी ओठ हलवले. शब्द आला नाही.

आणि तेव्हा बेल वाजली.

शशीने वर बघितलं नाही. कुठली बेल ते तिला माहीत होतं. तरी ती उठली, दारापर्यंत गेली, कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या पॅनेलकडे बघितलं. एकवीस दिवे. वीस विझलेले. सातवा लाल.

तारा चिकटल्या असतील, तिच्या मनात आलं. आणि हे मॉरीनचं वाक्य आपल्या डोक्यात आलं याचाच तिला राग आला.

ती परत फिरली. खाटेवर डॉक्टरांचा श्वास थांबला होता. तिने मोजलं. तीन. चार. पाच. सहा… मग घरघर करत आत गेला. इथून हलली तर हे जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. हा तास एकटं सोडलेल्यालाच नेतो. आणि तिकडे बेल वाजत होती. मागच्या वर्षी वाजली होती तशीच, न थांबता, कोणीतरी बटणावर अंगठा ठेवून दिल्यासारखी. मागच्या वर्षी ती बसून राहिली होती. आज पुन्हा बसून राहिली तर या खुर्चीत आणि चहाच्या खोलीतल्या त्या खुर्चीत फरक काय?

मॅनेजर असती तर म्हणाली असती, प्रायॉरिटी ठरव. शशी चौथी शिकलेली. तिने ठरवलं नाही. कोपऱ्यातली व्हीलचेअर ओढली, ब्रेक लावला, छोटा सिलिंडर मागे अडकवला, नळी बदलली. मग पदर नव्हता तरी पदर खोचल्यासारखी वाकली, डॉक्टरांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. दोन माणसांचं काम एकटीने करायला सक्त मनाई आहे. केलं.

"शशी… कुठे नेतेस…"

"पेशंट आहे एक," ती म्हणाली. "चला."

कॉरिडॉर तीस पावलांचा. त्या रात्री तो संपेना. चाकांचा कार्पेटवर आवाज होत नव्हता. दोन्ही बाजूंच्या दारांआड माणसं झोपली होती, पण एकाचंही घोरणं ऐकू येत नव्हतं. नुसती बेल. जसजशी ती जवळ जात होती तसतसा रंगाचा वास मागे पडत होता, आणि सातच्या दाराशी तो मुळीच नव्हता. तिथे लॅव्हेंडर होता. थंड, पावडरसारखा कोरडा.

तिने दार ढकललं.

खोलीत फर्निचरवर चादरी टाकलेल्या. शिडी भिंतीला लावलेली. खाट खिडकीशी, गादी उघडी, उशी नाही. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. कॉरिडॉरमधला पिवळा उजेड आत दोन हात गेला आणि तिथेच थांबला. त्या उजेडाच्या कडेला तिला बेलची दोरी दिसली. भिंतीतून निघालेली, आणि खाली लोंबत नव्हती. ताठ होती. गादीच्या वर वीतभर हवेत तिचं टोक थांबलं होतं, आणि टोकाचं बटण आत दाबलेलं होतं.

गादीला मधोमध खळगा होता. कागदासारख्या हलक्या माणसाचा पडतो तेवढाच.

शशीला पळावंसं वाटलं, हे खरं. पण एकदा बसून राहिलं की पळण्याची लायकी उरत नाही. ती व्हीलचेअर ढकलत खाटेपाशी गेली, ब्रेक लावला आणि गादीच्या काठावर बसली.

"विनी," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी आले. वर्षभर उशीर झाला… पण आले. मी ऐकली होती बेल. तेव्हा मुद्दाम आले नाही."

काही झालं नाही. मग तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. आधी नुसतं गार, जसं उघड्या फ्रिजमधून येतं तसं. मग एकेक करून पाच बोटं. बारीक, हाडांची. त्यांनी धरलं, आणि धरून ठेवलं.

बेल थांबली. दोरी सैल होऊन गादीवर पडली.

शशी रडली नाही. दात आवळून बसली. आणि तेव्हा बाजूने आवाज आला, स्पष्ट, कोरडा, तिने कधीच न ऐकलेला. हॉस्पिटलातला आवाज.

"गुड ईव्हनिंग. मी डॉक्टर देव. तुमचा हात बघू."

डॉक्टर व्हीलचेअरमध्ये पुढे वाकले होते. डोळे टक्क उघडे. त्यांनी दोन बोटं हवेत टेकवली, अशी की खाली मनगट असावं. दुसऱ्या हाताने घड्याळ उजेडाकडे धरलं. ओठ हलत होते, मोजत होते. शशीने त्यांच्या नखांकडे बघितलं. निळेपणा उतरत होता.

"नाडी आहे," ते मराठीत म्हणाले. "मंद आहे… पण घाबरलेली नाही. तू हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

ते तिघं तसे बसले. किती वेळ, ते शशीला कधी सांगता आलं नाही. गार हात हळूहळू तिच्याच हाताइतका कोमट झाला. डॉक्टर मधूनच विनीला काहीतरी विचारायचे, कुठे दुखतंय का, मुलं कुठे असतात, आणि मग थांबून मान हलवायचे, उत्तर ऐकल्यासारखी. एकदा तर हसले. शशीला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तेवढ्या वेळात डॉक्टरांचा एकही श्वास चुकला नाही. ती मोजत होती ना.

मग दारात सावली पडली. मॉरीन उभी होती. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. खाटेकडे, शशीच्या हाताकडे, खळग्याकडे तिने बघितलं आणि छातीवर क्रॉस केला. "वेळ झाली," ती कुजबुजली, "लंबक सोडते." गुडघे धरत खाली गेली.

टक. टक. घराने श्वास सोडला. मिनिटभराने हॉलमधून दोन टोले आले.

पहिल्या टोल्याला मनगटावरची बोटं घट्ट झाली. दुसऱ्याला ती नव्हती.

डॉक्टरांनी हात मागे घेतला. घड्याळ बघितलं. "गेली," ते म्हणाले. "शांत गेली. वेळ लिहून ठेव, शशी." आणि खोलीत ओल्या रंगाचा वास भरून आला.

सकाळी साडेनऊला यशोधन आला. धुकं होतं, त्यातून मायरा पणत्यांचा बॉक्स छातीशी धरून धावत आली. बापलेक एकमेकांसमोर नुसते उभे राहिले, तेव्हा शशीनेच यशोधनला सांगितलं की उभे काय राहता, बॅग उचला. डॉक्टरांनी नातीला जवळ घेतलं. गाल लाल होते. यशोधन शशीला बाजूला घेऊन म्हणाला, "शशीताई, फोनवर तर जी.पी. काही वेगळंच म्हणत होता. तुम्ही काय केलंत?"

"बसले होते," शशी म्हणाली.

गाडीत बसताना डॉक्टरांनी काच खाली केली. "लिहिलीस का वेळ?"

"तुमच्या चार्टवर मी काढलेल्या चौकोनात खूण केली."

"ती माझी. तिची?" त्यांनी मान हलवली. "डेथची वेळ चुकीची राहू देऊ नये. जागा नसेल तर जागा कर."

गाडी धुक्यात गेली. खरं तर शशीची ड्युटी आठलाच संपली होती. तरी ती परत आत आली. वरच्या ऑफिसात मॅनेजर नव्हती. जुन्या चार्टांच्या फायली कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली नाइट सिनियरकडे. मॉरीनही अजून घरी गेली नव्हती. शशीने तिच्याकडे हात पुढे केला. मॉरीनने काही न विचारता किल्ली दिली.

गेल्या वर्षीची फाइल, दोन हजार दोन. ऑक्टोबर. सात नंबर. कागद सापडला. दोन वाजताच्या चौकोनातली तिची खोटी खूण तिला खोडायची होती, आणि वर एक चौकोन काढून खरं लिहायचं होतं. तिने खिशातून पेन्सिल काढली, पट्टी घेतली, कागद टेबलावर पसरला.

चौकोन होता.

एक आणि दोनच्या मधली रेघ फोडून काढलेला. पेन्सिलीचा, वाकडा. आत खूण, आणि शेजारी उलट्या शेपटीचा एस. खालची, दोन वाजताची खूण खोडलेली.

शशीने तो कागद बाजूला ठेवला. मग फाइल आणखी मागे चाळली. दोन हजार एक. तीन नंबर, मिस्टर हॉब्ज. त्याही कागदावर एक आणि दोनच्या मध्ये तसाच वाकडा चौकोन होता. तिने त्यावर अंगठा फिरवला. शिसं ताजं होतं, अंगठा काळा झाला. पण हा चौकोन अजून आतून कोरा होता.

ती उठली. ड्युटीच्या वहीत पुढच्या ऑक्टोबरचं पान अजून छापलेलं नव्हतं, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, लास्ट सॅटरडे, नाइट, शशी. खाली दोन रेघा मारल्या. मॉरीन दारात होती. तिने वाचलं आणि विचारलं, आता कोण?

"तीन नंबर," शशी म्हणाली.

मॉरीनचा चेहरा पांढरा झाला. "शशी… हॉब्ज गेल्यावर दारावरचा तीन नंबर काढून आम्ही तिथे चहाची खोली केली."

शशीने बॅग खांद्याला लावली आणि खाली आली. चहाच्या खोलीचं दार उघडं होतं. रात्रीचे दोन कप टेबलावर तसेच होते, मॉरीनने भरलेले, कोणी न प्यायलेले. खुर्च्यांच्या वर, भिंतीत, जिथे कधीकाळी बेल होती तिथे चौकोनी भोक होतं आणि त्यातून दोन तुटक्या तारा बाहेर आल्या होत्या. रोज त्यांच्याखाली बसून त्या चहा प्यायच्या.

शशी कप उचलायला पुढे झाली. एक कप बर्फासारखा गार होता.

दुसऱ्यातून वाफ येत होती.